एक जुलैचे कलावंत

समुद्रपूरच्या बँडमध्ये दोन नामांकित कलावंत होते. क्लॅरनेट वाजवणारे गुलाबमास्तर आणि भोंग्यातून गाणारा श्रावण. दोघांचा जन्म एक जुलैचा. आमच्या गावाला या योगायोगाचं जेवढं अप्रूप होतं तेवढं त्यांच्या वाजवण्या-गाण्याचंही नव्हतं. वरातीत एखादा परगावचा पाहुणा दिसला की कोणी ना कोणी त्याच्या कानाला लागून सांगायचंच, की हे दोघं आहेत ना, यांचा वाढदिवस एकच. पाहुणा कौतुकानं मान हलवायचा. त्याचाही वाढदिवस बहुधा एक जुलैलाच असायचा, पण ते त्याला त्या वेळी आठवत नसे.

कारण साधं होतं आणि गावात सगळ्यांना माहीत होतं. प्राथमिक शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन जाई. हेडमास्तर मोहितकर गुरुजी विचारत, जन्म कधीचा? बाप सांगे, कापूस वेचणीच्या टायमाचा, किंवा ज्या साली पाटलाची विहीर खचली त्या सालचा. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं समजून एक जुलै लिहीत. त्यांच्याआधीचे गुरुजीही हेच करत. त्यामुळे समुद्रपूरचा न्हावी, पोस्टमन, दोन्ही सायकल दुकानांचे मालक आणि एकमेकांविरुद्ध कोर्टात गेलेले चार भाऊ कागदोपत्री एकाच तारखेला जन्मले होते. गुलाबमास्तर श्रावणपेक्षा आठेक वर्षांनी थोरले होते. एकाची तारीख लिहिताना गुरुजींचे केस काळे होते, दुसऱ्याची लिहिताना पिकायला लागले होते. एवढाच काय तो फरक.

कलावंत म्हणून दोघं कसे होते हेही नोंदवायला हवं, कारण पुढे त्यांच्याविषयी बरंच काही छापून आलं आणि त्यातलं बरंचसं खोटं होतं. गुलाबमास्तर क्लॅरनेट बरं वाजवत. एका वरातीपुरता दम त्यांच्या छातीत होता, दुसऱ्या वरातीला मात्र सूर उतरे. श्रावण पुरुषाच्या आवाजात गायचा आणि बाईच्याही. बाईचा आवाज काढताना तो एक हात डोक्यावर नेऊन न घेतलेला पदर सावरायचा. लोक त्या हाताला टाळ्या वाजवायचे आणि आवाज कसा लागला ते राहून जायचं. हातगाडीवर बॅटरी आणि भोंगा, मागे दोन रांगांत लाल कॉलरचे पांढरे कोट, कडेनं डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया. त्या बायांचे वाढदिवस कोणी विचारले नाहीत. त्या शाळेतच गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना वाढदिवस नव्हतेच.

बँडचे मालक नत्थूजी. ते काही वाजवत नसत. पांढरा सफारी घालून ते वरातीच्या पुढे उलटे चालत, म्हणजे तोंड बँडकडे आणि पाठ रस्त्याकडे, आणि दोन्ही हातांनी हवेत काहीतरी करत. या योगायोगाचा धंदा करण्याची अक्कल त्यांची. त्यांनी हातगाडीवर रंगाऱ्याकडून लिहून घेतलं, ‘जन्मदिवस एक, सूर एक’. सूर दोन होते आणि कधी कधी तीन. पण रंगारी छान होता.

आम्ही राहायचो एसटी स्टँडच्या मागच्या दोन खोल्यांत. बाबा स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या पुकारायच्या, शिटी मारायची, ड्रायव्हर-कंडक्टरच्या नोंदी करायच्या, हे त्यांचं काम. त्यांचा आवाज दिवसभर स्पीकरमधून आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि आईचा सगळा स्वयंपाक त्यावर चाले. हिंगणघाट गाडी पुकारली की डाळ चुलीवर, वर्ध्याची गाडी लागली की भाकरीचं पीठ परातीत. एखाद्या दिवशी गाडी लेट झाली तर आमचं जेवणही लेट होई, आणि आई त्याबद्दल महामंडळाला जे बोलायची ते बाबा मान खाली घालून ऐकत. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पाहुणा आला तर गोळाभात, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. पावसाळ्यात ओल्या जळणाचा धूर आणि एसटीच्या डिझेलचा धूर एकत्र घरात भरायचा. मी आजही एखाद्या जुन्या डेपोत उतरले तर मला भूक लागते.

बाबांचा जन्मही एक जुलैचाच. त्यांचं नाव आधीच्या गुरुजींनी घातलं होतं. तरुणपणी त्यांना बँडमध्ये जायचं होतं, आजोबांनी जाऊ दिलं नाही, आणि फुंकायचं वाद्य म्हणून त्यांच्या वाट्याला आली ती शिटी. ती ते फार जीव लावून वाजवत. गाडी सोडताना शेवटचा सूर ते थोडा लांबवायचे. ड्रायव्हर हसायचे. गुलाबमास्तरांविषयी बोलताना बाबांचा आवाज स्पीकरमधल्या आवाजासारखा होई, भारी आणि सावकाश. त्या तारखेत काहीतरी आहे असं ते म्हणत. आपल्यातही ते होतं, पण वेळ गेली, असं त्यांचं मत होतं. वेळ पाळण्यात ज्याचा हात धरणारं कोणी नव्हतं तो माणूस हे म्हणत असे, आणि त्यात त्याला काही विचित्र वाटत नसे.

माझा भाऊ दिलीप माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला. मोठ्या पोळ्याला बैल सजवतात आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडाचे बैल घेऊन घरोघर फिरतात, तो आमच्याकडचा तान्हा पोळा. दाराशी पोरांचे बैल उभे होते, ओवाळायला आई बाहेर आली आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या. ही हकिगत आई दर वर्षी सांगायची. बाबा तेव्हा सुईण आणायला धावले होते. त्यांनीच नंतर सगळ्या स्टँडला पेढे वाटले होते. त्याच बाबांनी सहा वर्षांनी दादाला शाळेत नेलं, गुरुजींनी कान धरायला लावला, एक जुलै लिहिलं, आणि घरी येताना बाबा खूश होते. पुढची दहा-बारा वर्षं आमच्या घरात दादाचे दोन वाढदिवस होते. आईचा तान्ह्या पोळ्याचा, ज्यात ओवाळणं आणि करंज्या असत. आणि बाबांचा एक जुलैचा, ज्यात काहीच नसे. बाबा फक्त दादाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, आज गुलाबमास्तरचाही आहे बरं.

मी पुढे नागपूरच्या एका दैनिकात डेस्कवर गेले आणि काही वर्षं ‘दिनविशेष’ नावाचं सदर माझ्या गळ्यात होतं. आज जन्मलेले गायक, आज जन्मलेले वादक. वाचकांची पत्रं यायची, की या दोन थोर संगीतकारांचा वाढदिवस एकच आहे हा केवळ योगायोग असेल का? मी ती पत्रं वाचून बाजूला ठेवायची. वर्षाचे दिवस ठरावीक आहेत आणि गाणारी माणसं पुष्कळ, यापलीकडे त्यात काही नसतं. आता हेच सदर फोनवर येतं, चकाकत्या चौकटीत आणि फुग्यांसकट. शिकलेली माणसं ते पुढे पाठवतात आणि खाली लिहितात, कमाल आहे.

दादा मॅट्रिक झाला त्या उन्हाळ्यात नत्थूजींनी जाहीर केलं की बँडला तिसरा सितारा हवा आहे, आणि तो एक जुलैचाच असला पाहिजे. निवड जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये झाली. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग बंद पडे आणि बँड तिथे सराव करी. छपराच्या लोखंडी कैच्यांना गेल्या हंगामाचा कापूस लोंबत असे, ढोल वाजला की तो खाली उतरे आणि गाणाऱ्यांना ठसका लागे. निवडीला एवढी पोरं आली की रांग वजनकाट्यापर्यंत गेली. सगळी एक जुलैची. नत्थूजी भारावले. आपल्या तालुक्याच्या मातीतच संगीत आहे, असं ते उपस्थितांना म्हणाले, आणि उपस्थितांनी त्यांचं म्हणणं खरं मानलं. गावच्या वार्ताहरानं ते लिहून घेतलं. रांगेत उभी असलेली पोरं पाचवीपासून एकमेकांना ओळखत होती, एकाच मास्तरांचा मार खाल्लेली होती. त्यांच्यातल्या एकालाही हसू आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

दादाला निवडलं. तो वाजवतो म्हणून नाही, उंच होता म्हणून. पांढरा कोट अंगावर नीट बसला. त्याला फुंकायचं पितळी कॉर्नेट दिलं आणि दीड महिन्यात त्याला तीन चाली आल्या. त्यातली एकही ज्या सुरावर संपायला हवी त्यावर संपत नसे. तो शेडमध्ये वाजवायचा आणि ते आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. आई पोळपाट आपटायची. बाबा मात्र डोळे मिटायचे. स्वतः दादाला काय हवं होतं हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तो कोटाबद्दलच बोलला असता. कोट घालून तो आमच्या आरशासमोर बराच वेळ उभा राही.

त्याच आरशामागे एक कार्ड खोचलेलं होतं. वर्ध्याच्या आयटीआयचं. एक जुलैला दुपारी चारपर्यंत मूळ कागद घेऊन हजर राहा, न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. नेमका तोच दिवस नत्थूजींनी सोहळ्यासाठी धरला होता. सकाळी शेडमध्ये सत्कार, दुपारी तिसऱ्या सिताऱ्याचं वादन, संध्याकाळी गावातून मिरवणूक. पेरण्यांचे दिवस, लग्नसराई संपलेली, कोणाच्या हाताला उसंत नाही, आणि गावातून मिरवणूक.

आठवडाभर आमच्या घरात भांडण चाललं, तेही गाड्यांच्या मधल्या वेळात, कारण गाडी आली की बाबांना जावं लागे. आयटीआय पुढच्या वर्षीही असते, ही संधी पुन्हा नाही, असं बाबांचं म्हणणं. आईचं म्हणणं एकच होतं.

“लग्नं चार महिने. बाकीचे आठ महिने हा काय करन?”

“सराव करन,” बाबा म्हणाले.

आईनं दादाची गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला एका पिशवीत घातला, वर दोन भाकरी आणि ठेचा बांधला आणि पिशवी खुंटीला टांगून ठेवली. ती तिथे तीन दिवस होती. भाकरी ती रोज बदलायची.

एक जुलैला सकाळी शेड भरली. पुरुष सतरंजीवर, बाया वजनकाट्याच्या बाजूला उभ्या. आई येणार नाही अशी माझी समजूत होती, पण ती आली, खांद्याला पिशवी अडकवून. स्टेजवर गुलाबमास्तर आणि श्रावण फेटे बांधून बसले होते आणि त्यांच्या मागे दादा कॉर्नेट धरून उभा होता. बाबांनी त्या दिवसाची रजा काढली होती. ते पहिल्या रांगेत होते. मोहितकर गुरुजींना मुद्दाम बोलावलं होतं. दोन्ही कलावंत त्यांचेच विद्यार्थी. गुरुजी तोवर निवृत्त झाले होते आणि त्यांना ऐकायला कमी येई, पण बोलायला काही अडचण नव्हती. त्यांच्या गळ्यात हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

गुरुजी माईकपाशी गेले आणि अगदी सरळ बोलले. म्हणाले, या दोघांच्या जन्माचं मला काही माहीत नाही. यांच्या बापांना तारीख सांगता आली नाही. मी एक जुलै लिहिलं. सगळ्यांचंच मी एक जुलै लिहीत होतो. एवढं बोलून ते खाली बसले.

मी नंतर आयुष्यभर पत्रकार परिषदा ऐकल्या. कार्यक्रमाचा पायाच काढून घेणारं विधान इतक्या कमी शब्दांत मी पुन्हा ऐकलं नाही. आता काय होणार म्हणून मी नत्थूजींकडे बघितलं. झालं असं की टाळ्या पडल्या. बराच वेळ पडल्या. नत्थूजींनी माईक हातात घेतला, त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते.

“ऐकलं का भाऊ,” ते म्हणाले, “गुरुजीले मालूमच नव्हतं आपण काय लिवून राह्यलो ते. देवानं त्याह्यच्या हातून लिवून घेतलं.”

पुन्हा टाळ्या. बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुईण आणायला धावलेले, पेढे वाटलेले बाबा. ज्या शेडमधल्या बहुतेकांना आपली तारीख बनवलेली आहे हे ठाऊक होतं, त्या शेडला आता ती देवानं दिलेली वाटत होती, आणि हे व्हायला अर्धा मिनिटही लागलं नव्हतं.

मग बायांच्या बाजूनं आवाज आला. मोठा नव्हता, पण आईला स्टँडवरच्या गोंगाटात बोलायची सवय होती.

“गुरुजी, माह्यं पोरगं एक जुलैले झालं म्हणता,” ती म्हणाली, “तं तान्ह्या पोळ्याले मले कळा काऊन आल्या?”

एक म्हातारी हसली. ती सुईणच होती. तिच्या मागून बाया हसायला लागल्या, आणि बायांचं हसणं एकदा सुरू झालं की पुरुषांना ते थांबवता येत नाही. सतरंजीवरही ते पसरलं. श्रावणनं फेट्याला हात लावला. नत्थूजी माईकमध्ये शांतता, शांतता म्हणत राहिले. गुरुजी शेजारच्याला विचारत होते, काय म्हणते बाई? आई पुढे आली, स्टेजपाशी थांबली आणि दादाला म्हणाली, “चाल. बाराची गाडी हाय.”

दादा हलला नाही. तो बाबांकडे बघत होता. बाबा उभेच होते, टाळीसाठी हात अजून समोर होते. त्यांचा चेहरा पडला होता, तो मला दिसत होता. हा माणूस आता ओरडेल किंवा आईला हाताला धरून बाहेर नेईल असं मला वाटलं. पण बाराची गाडी हे शब्द त्यांच्या कानावर पडले होते, आणि वीस वर्षांच्या नोकरीत कोणाचाही चुकीचा टाइम त्यांनी दुरुस्त केल्याशिवाय सोडला नव्हता.

“बाराची नाई,” ते म्हणाले. “सव्वाबाराची. जामवरून जाते.”

यानंतर वादाला जागाच उरली नाही. दादानं कॉर्नेट खुर्चीवर ठेवलं, कोट काढला, घडी घातली आणि तो गुलाबमास्तरांच्या मांडीवर ठेवला, कारण दुसरं कोणी जवळ नव्हतं. आईनं त्याच्या गळ्यात पिशवी अडकवली. बाबा त्यांच्यामागून स्टँडवर गेले. रजेवर असूनही त्यांनी गाडी स्वतः पुकारली, आणि शिटी मारली ती मात्र आखूड. सोहळा पुढे चालू राहिला. मिरवणूकही निघाली. दुसऱ्या दिवशी बातमीत तीन सितारे होते, तिघांची नावं होती, आणि तिसऱ्यानं आपल्या वादनानं श्रोत्यांना मंत्रमुग्ध केल्याचं म्हटलं होतं. वार्ताहरानं बातमी आदल्या दिवशीच पाठवली होती.

वर्ध्याला पोचायला दादाला उशीर झाला नाही, पण फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या जागा सकाळीच भरल्या होत्या. वायरमनची उरली होती, ती त्यानं घेतली. पुढे तो वीज खात्यात लागला, खांबांवर चढला, घर बांधलं. बँड पुढे सात-आठ वर्षं टिकला असेल. मग डीजे आले. गुलाबमास्तरांना दम्यानं क्लॅरनेट सोडावं लागलं. श्रावण शेवटी रसवंतीवर बसायचा, आणि गिऱ्हाईक त्याला बाईच्या आवाजात गायला लावून रस पीत.

दादा रिटायर झाला तो तीस जूनला. एक जुलैचा जन्म म्हणजे आदल्या दिवशी निवृत्ती. त्याच्या ऑफिसातून त्या दिवशी पाच जण निवृत्त झाले आणि पाचांना एकाच खुर्चीत आळीपाळीनं बसवून हार घातले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी या योगायोगाचा खास उल्लेख केला. आई तेव्हा होती. तान्हा पोळा अजून दोन महिने लांब होता. ती एवढंच म्हणाली, की त्या गुरुजीनं माह्या पोराचे दोन महिने खाल्ले. बाकी कोणी हा हिशेब केला नव्हता.

इथे हे प्रकरण संपवता आलं असतं. पण निवृत्तीनंतर दादा दर एक जुलैला फेसबुकवर त्या पांढऱ्या कोटातला फोटो टाकू लागला. शेडमध्ये निवडीच्या दिवशी काढलेला, हातात कॉर्नेट. खाली शे-दीडशे माणसं शुभेच्छा देतात, त्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. आपण एके काळी नामांकित बँडमध्ये होतो असं तो नातलगांना सांगतो. मी समोर असले तर माझ्याकडे बघत नाही.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या सुनेचे दिवस भरत आले. हिंगणघाटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मूल आडवं आहे, सिझर करावं लागेल, या आठवड्यातला कुठलाही दिवस चालेल. दादानं क्षणाचाही विचार न करता दिवस सांगितला. मी फोनवर त्याला विचारलं, काऊन रे? तो म्हणाला, “आपल्या घरात चालत आलं आहे ते, बेबी. बाबांचा, माह्या, आता याचा. पाह्यजो, पोरगं गाणारं निघते.”

पोराला की-बोर्ड घेऊन दिला आहे. तो त्याच्यावर मोटारगाड्या चालवतो. आमच्या घराण्यात खरोखर एक जुलैला जन्मलेला तो पहिला माणूस. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आणि सुनेला कळा आल्याच नव्हत्या.